दोन बोटं आत

हेडमास्तरांचा निरोप वर्गात सांगायचा असला की आमचे नाना आधी दोन पावलं बाजूला सरकत. तिथून सांगत, "शनिवारी दुपारीही शाळा भरेल." मग पुन्हा मूळ जागी येऊन म्हणत, "मला हे पटलेलं नाही." दुसऱ्याचं बोलणं आणि आपलं बोलणं एका फरशीवरून बोलायचं नाही, हा त्यांचा नेम होता.

धुळ्याच्या शाळेत ते मराठी शिकवत आणि मी चित्रकला. निबंधात कुणाचा उतारा घ्यायचा, तर त्यांचा कायदा ठरलेला. तीन ओळींपर्यंत असेल तर अवतरणचिन्हांत, आपल्याच वाक्यात. त्याहून लांब असेल तर नवी ओळ, दोन्ही बाजूंनी दोन बोटं आत, खाली बोलणाऱ्याचं नाव. अशा उताऱ्याला कुणी चिन्हं लावली की म्हणत, "पाहुण्याला वेगळं आसन दिलंत ना? मग आता दोरीनं बांधता कशाला?"

एकदा इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं, दोन बोटं म्हणजे कुणाची? नानांनी आपला हात टेबलावर ठेवला. शिंदखेड्याकडच्या शेतकरी घरातली ती जाडजूड बोटं. त्या मापानं पोरांच्या वहीत मधे चार-पाच शब्दच उरत. कागद वाया जातो म्हणून मी चिडवायचो, पण नाना ऐकतील तर शपथ.

त्यांनी आयुष्यात एकच मोठा निबंध लिहिला, कोरडवाहू शेतीवर. त्यात जमीन कशी पारखावी याबद्दल अक्काचा पानभर उतारा होता. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईबाप गेल्यावर तिनंच शेत कसून नानांना शिकवलं. स्वतः मात्र निरक्षर राहिली. तिचं बोलणं नानांनी तिच्याच बोलीत, जसंच्या तसं, दोन बोटं आत उतरवलं होतं.

जळगावच्या एका मासिकानं तो निबंध छापला आणि लेखकाच्या सत्काराची सभा ठेवली. चाळीसगावला गाडी बदलून आम्ही दोघं गेलो. छापील अंक आमच्या हाती आला तो थेट सभेतच. पाहतो तर छापखान्यानं कागद वाचवण्यासाठी अक्काचा उतारा इतर मजकुरासारखाच कडेला भिडवलेला, आणि खालचं नाव गाळलेलं. नानांचा चेहरा उतरला.

अध्यक्षांनी नेमका तोच भाग वाचला. "जमीन भुकी शे का धायेल शे, हाई पायले समजस, डोयाले नही." म्हणजे जमीन भुकेली की तृप्त, हे पायाला कळतं, डोळ्याला नाही. गावची बोली लेखकानं काय हुबेहूब साधली आहे, असं म्हणून त्यांनी शाल उचलली. टाळ्या पडल्या.

नाना उठले आणि दोन पावलं बाजूला सरकले. मग तो अख्खा उतारा त्यांनी तोंडपाठ म्हटला, शेवटी अक्काचं पूर्ण नाव घेतलं, आणि परत जागेवर आले.

"आता माझं बोलणं," ते म्हणाले. "ज्याला तुम्ही टाळ्या दिल्या, त्यातला एक शब्दही माझा नाही. शाल तिची आहे."

इतकी वर्षं त्या दोन पावलांना मी हसत आलो होतो. त्या दिवशी माझी छाती अशी फुगली, जणू सत्कार माझाच होता. अध्यक्ष भले गृहस्थ. त्यांनी शाल अक्काच्या नावानं दिली आणि पुढच्या अंकात चूक दुरुस्त करण्याचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नानांच्या गावी गेलो. अक्का निंदणी सोडून बांधावर आली. शाल तिनं बाजूला ठेवली. नानांनी छापील अंक काढलाच नाही, आपल्या हातानं लिहिलेले कागद तिच्यापुढे धरले.

"हाई बठ्ठं मनं शे?" हे सगळं आपलंच बोलणं का, असं तिनं विचारलं. नानांनी मान हलवली. अक्षरं सोडून ती कडेची जागाच बघत राहिली.

"नि आठे कोरं काब्र सोडं?" इथे कोरं का सोडलंस, असं ती विचारत होती.

शाळेत कायम शुद्ध बोलणारे नाना हळूच म्हणाले, "तुले बठाले, अक्का."

अक्कानं मातीचे हात पदराला पुसले आणि तिला बसायला सोडलेल्या त्या कोऱ्या जागेवर दोन बोटं टेकवली. मी वाकून पाहिलं. माप तंतोतंत होतं.