ओंडका बुडाला, टाचणी तरंगली

शहरातल्या सगळ्या शाळांमध्ये गणित आणि विज्ञान यापुढे संगणकावरच्या खेळांतून शिकवायचं असं वरून ठरलं, तेव्हा कोणते खेळ चांगले हे पाहण्यासाठी एक समिती नेमली जाणं ओघानंच आलं. समितीचं नाव ‘आभासी प्रयोग व शैक्षणिक क्रीडा मूल्यमापन समिती’ असं होतं. ते नेहमीच्या पाटीवर मावेना म्हणून मोठी पाटी करवली. मोठी पाटी नेहमीच्या दारावर मावेना, म्हणून मोठं दार असलेल्या खोलीचा शोध सुरू झाला. तसं दार एकाच शाळेत सापडलं. ते प्रयोगशाळेचं होतं.

त्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आपली चंचुपात्रं, तराजू आणि लोहचुंबक आवरायला आल्या, तेव्हा आत पहिली बैठक सुरू व्हायची होती आणि एक सदस्य कमी पडत होता.

“बसा,” अध्यक्ष म्हणाले.

“मी सामान न्यायला आलेय.”

“बसून न्या.”

हातात दोन चंचुपात्रं घेऊन बाई बसल्या आणि सदस्य झाल्या.

अध्यक्षांचा मूल्यमापनातला अनुभव दांडगा होता. आधीची अनेक वर्षं त्यांनी सरकारी कचेऱ्यांतल्या पडद्यांचं मूल्यमापन केलं होतं. “कापड असो की विज्ञान,” ते म्हणत, “पाहणाऱ्याला नजर लागते.” त्यांच्या उजव्या हाताला गणिताचे सर होते. ते निवृत्तीला आले होते आणि तोवर कुणाशीही वाकडं घ्यायचं नाही, या एकाच सूत्रावर त्यांचा आता विश्वास उरला होता. डाव्या हाताला एक तरतरीत तरुणी होती. खेळताना होणारा आनंद यंत्रावर मोजण्यासाठी तिला मानधनावर बोलावलं होतं. तिच्या हुद्द्याचं नाव कुणालाच धड उच्चारता येत नसल्यामुळे सगळे तिला आनंदताई म्हणत.

पहिला खेळ विज्ञानाचा होता. त्याचं नाव ‘बुडबुड’. पडद्यावर पाण्याची टाकी आणि टाकीच्या काठावर एक गुबगुबीत पेंग्विन. एकेक वस्तू वरून येई आणि ती बुडेल की तरंगेल हे आपण आधी सांगायचं. बाईंना लाकडाचा ओंडका आला. त्यांनी ‘तरंगेल’वर बोट ठेवलं. ओंडका धपकन तळाला गेला आणि पेंग्विन हमसून हमसून रडायला लागला. “अरेरे! ओंडका जड आहे. जड वस्तू बुडते!” पुढं टाचणी आली. बाईंनी अंदाज घेण्यासाठी मुद्दाम ‘तरंगेल’ म्हटलं. टाचणी डौलात तरंगायला लागली आणि पेंग्विननं टाळ्या पिटल्या. “शाबास! टाचणी हलकी आहे!”

“हे चूक आहे,” बाई म्हणाल्या.

“कुठल्या रकान्यात?” अध्यक्षांनी पेन उघडलं.

बाईंनी समोरचा तक्ता पाहिला. रंगसंगती, आवाज, सहभाग, आनंद, बक्षिसं, पुन्हा खेळावंसं वाटतं का. खेळ जे सांगतो ते बरोबर आहे का, हे विचारणारा रकाना कुठंच नव्हता.

“तक्त्याच्या कच्च्या खर्ड्यात तसा एक रकाना होता,” अध्यक्ष म्हणाले. “पण त्यात बरेच खेळ नापास झाले असते. अहवाल फार निराशाजनक दिसला असता. म्हणून काढला.”

“अहो, पण लाकूड पाण्यावर तरंगतं! होड्या कशाच्या करतात?”

“होडी पुढच्या इयत्तेला आहे,” गणिताचे सर हळूच म्हणाले. “तुम्ही उगाच मनाला लावून घेता, बाई. माझ्या अपूर्णांकांच्या खेळात उत्तर बरोबर आलं की फुगा फुटतो आणि चुकलं की अख्खा डोंगर उडतो. पोरं मुद्दाम चुकतात. मी सहभागाला पैकीच्या पैकी देणार आहे.”

बाईंना रात्रभर तो पेंग्विन दिसत राहिला. दुसऱ्या दिवशी त्या बैठकीला एक बादली घेऊन आल्या. बादलीत पाणी होतं. सगळ्यांच्या देखत त्यांनी एक जाडजूड लाकडाचा ठोकळा तिच्यात सोडला. तो तरंगला. टाचणी टाकली. ती सरळ तळाला गेली.

“अय्या!” आनंदताईच्या तोंडून निघून गेलं आणि ती खुर्चीतून अर्धी उठली. “पुन्हा करा ना!”

बाईंनी पुन्हा केलं. आनंदताईनं बाही वर सारून स्वतः ठोकळा पाण्याखाली दाबला, सोडला, आणि तो उसळून वर आल्यावर खुदकन हसली. आपण जिंकलो, असं बाईंना वाटलं. समितीच्या कामाचा त्यांना अनुभव नव्हता.

“प्रभावी आहे,” अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले. “पण हे साधन मूल्यमापित आहे का?”

“ही बादली आहे.”

“तेच विचारतोय. तुम्ही समितीपुढचा खेळ एका असंमत बादलीच्या आधारे चूक ठरवताय. आधी बादलीचं मूल्यमापन होऊ दे.”

ते झालं. रंगसंगती : एकच रंग, तोही उडालेला. आवाज : हँडलचा, कर्कश. बक्षिसं : नाहीत. लॉगिनची सोय नाही. एका वेळी सगळ्या शाळांमध्ये वापरता येत नाही. फरशी ओली होते. आनंदाच्या रकान्यात शून्य पडलं, कारण आनंदताईचं यंत्र त्या वेळी चालू नव्हतं आणि यंत्राबाहेरचा आनंद धरण्याची तरतूद नव्हती. बादली नापास झाली. अनुत्तीर्ण साधन वर्गात आणू नये, असं बाईंना लेखी कळवण्यात आलं. ‘बुडबुड’ मात्र विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाला.

बाई पोटासाठी नोकरी करत होत्या. त्यांनी वर्गात ‘बुडबुड’ लावला. फक्त आवाज उतरवून त्या म्हणत, “मुलांनो, खेळात असं दाखवतात. खरं मात्र उलटं असतं.”

“बाई, परीक्षेत कुठलं लिहायचं?” एकानं विचारलं.

“खेळातलं.”

“मग खरं कशाला लक्षात ठेवायचं?”

बाईंनी फळा पुसायला घेतला. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्या वर्गात एक मुलगी होती. अंगानं इतकी काटकुळी की सगळे तिला ‘पीस’ म्हणत. कबड्डीच्या संघात तिला कुणी घेत नसे आणि वाऱ्याच्या दिवशी मुलं तिला गमतीनं खांबाला धरून राहायला सांगत. ‘बुडबुड’मध्ये मात्र ती सगळ्यांच्या पुढं होती. जे हलकं ते तरंगणार, हे त्या खेळातलं तत्त्व तिला फार आवडलं होतं. जगात पहिल्यांदाच कुठंतरी हलकं असणं फायद्याचं ठरत होतं.

शाळेच्या मागं पोहण्याचा तलाव होता. लहान मुलांना उथळ बाजूलाच सोडत. एका दुपारी पोहण्याचे सर कुणाच्या तरी चष्म्याचा पट्टा सोडवत होते, तेवढ्यात पीस ताठ मानेनं चालत खोल बाजूला गेली. “मी वर्गात सगळ्यात हलकी आहे,” असं तिनं मैत्रिणींना सांगितलं आणि उडी मारली.

बाई वरच्या व्हरांड्यातून जात होत्या. त्यांना पाण्यात मुलगी पडताना दिसली. ती वर येताना मात्र दिसली नाही. जिना कसा उतरल्या, चपला कुठं राहिल्या, हे त्यांना पुढं कधीच आठवलं नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी त्या पाण्यात शिरल्या, खाली गेल्या, हाताला लागला तो दंड पकडला आणि पाय मारत वर आल्या. काठावर पालथं घातल्यावर पीसनं पाणी ओकलं, ती दोनदा खोकली आणि मग मोठ्यानं रडली. ते रडणं ऐकल्यावर बाई तिथंच ओल्या काठावर बसल्या.

“बाई,” हुंदके आवरत पीस म्हणाली, “मी हलकी आहे ना? मग मी कशी बुडाले?” आणि बाईंच्या भरदार देहाकडं पाहून तिनं विचारलं, “आणि तुम्ही का नाही बुडालात?”

बाईंनी तिला छातीशी घट्ट धरलं.

आता तरी डोळे उघडतील, असं त्यांना वाटत होतं. चौकशी नेमली गेली. खेळांतला जाणकार दुसरा कुणी नसल्यामुळे ती त्याच समितीकडं सोपवण्यात आली.

“घटना दुर्दैवी आहे,” अध्यक्ष म्हणाले. “परंतु खेळाचा दोष दिसत नाही. खेळ म्हणतो, हलकी वस्तू तरंगते. मुलगी बुडाली. याचा अर्थ मुलगी हलकी नव्हती. तिचा गैरसमज झाला.”

“मी तिला उचलून काठावर ठेवलंय,” बाई म्हणाल्या. “तिच्या दप्तराचं वजन तिच्यापेक्षा जास्त भरेल.”

“त्या मुद्द्यावर येतोच. पाण्यात तुम्हीही होतात. आपलं वजन?”

बाईंनी सांगितलं. गणिताचे सर सभ्यपणे खिडकीबाहेर पाहू लागले.

“म्हणजे नियमानुसार,” अध्यक्षांनी चष्मा काढला, “तुम्ही बुडायला हवं होतं.”

“माफ करा,” बाई म्हणाल्या, “तेवढं जमलं नाही.”

हलकी बुडते आणि जड तरंगते, तेव्हा दोष पाण्यात असला पाहिजे, या निष्कर्षावर समिती एकमतानं आली. एकमत झालं, कारण बाईंना हितसंबंधी व्यक्ती म्हणून मतदानातून वगळलं होतं. आनंदताईनं मान खाली घालून हात वर केला. तिचं मानधन अजून यायचं होतं. सदोष पाणी काढून टाकण्यात आलं आणि तलावाच्या कोरड्या खड्ड्यात समितीचे संगणक ठेवायची सोय झाली. वर्गात खेळाविरुद्ध बोलल्याबद्दल बाईंना प्रशिक्षण लावलं. खेळाच्या सगळ्या पायऱ्या त्यांनी एकही चूक न करता पार करायच्या होत्या.

बाईंनी त्या पार केल्या. त्यांनी ओंडके बुडवले, जहाजं बुडवली, हिमनग बुडवले. खिळे, सुया आणि छर्रे तरंगवले. प्रत्येक वेळी पेंग्विन टाळ्या वाजवत म्हणाला, “शाबास!” शेवटच्या पायरीवर पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला आणि बाईंच्या लक्षात आलं, की आपल्याला बरं वाटतंय. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांना शाबास कुणीच म्हटलं नव्हतं. या गोष्टीची त्यांना इतकी लाज वाटली, की घरी त्यांनी ती नवऱ्यालाही सांगितली नाही.

ती लाजच त्यांना पालकसभेत घेऊन गेली. सभागृह गच्च भरलं होतं. विषय दुसराच होता, पण बाई सरळ मंचावर चढल्या आणि मुख्याध्यापकांच्या हातून त्यांनी माईक जवळजवळ ओढूनच घेतला.

“हा खेळ तुमच्या मुलांना धादांत खोटं शिकवतोय,” त्या म्हणाल्या. “एक मुलगी त्यापायी मरता मरता वाचली. समिती काही करणार नाही. तुम्ही एकजुटीनं म्हणालात, तर उद्या खेळ बंद होईल.”

समोरच्या रांगेतून पीसचे वडील उठले. बाईंना हायसं वाटलं. वडिलांनी आधी हात जोडले.

“बाई, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण खेळ बंद करू नका.”

“अहो, तुमचीच मुलगी—”

“हो ना. पण आम्ही दोघं दमून घरी येतो. खेळ लावला की ती शांत बसते. जेवते सुद्धा. आता पोहायला जात नाही ती, मग भीती कसली?”

“माझा सुद्धा!” मागून कुणीतरी म्हणालं. “हूं की चूं करत नाही.”

“चुकीचं असेल थोडंफार,” एक आई समजुतीच्या सुरात म्हणाली, “पण संगणकाची सवय होतेय ना? आम्ही तर त्याला पाचपैकी पाच स्टार दिलेत.”

“हा खेळ स्वतः उघडून पाहिलाय का तुम्ही?” बाईंनी विचारलं. “कुणीतरी? एकानं तरी?”

एकही हात वर झाला नाही.

“बरं, पाच स्टार कुणी कुणी दिलेत?”

एक हात वर झाला, मग दुसरा, आणि बघता बघता सभागृहभर हातच हात झाले. बाई एकेक चेहरा पाहत राहिल्या. त्यातला एकही माणूस वाईट नव्हता. सगळ्यांचा आपल्या मुलांवर जीव होता आणि सगळे दमलेले होते. बाईंनी माईक मुख्याध्यापकांच्या हातात परत दिला आणि त्या खाली उतरल्या.

शेवटच्या रांगेपर्यंत त्यांची नजर पोहोचली होती. तुमचा हातही त्यांनी पाहिला. चेहरा तेवढा दिसला नाही, कारण तुम्ही फोनमध्ये डोकं घालून बसला होतात.