सुस्वागतमच्या शेपटीचा डॉलर

विणकर सोसायटीत कॉम्प्युटर येऊन तीन महिने झाले होते, पण अध्यक्ष बाबनरावांना अजून तो टीव्हीचा गरीब भाऊच वाटे. सोमवारी सहकार खात्याचे साहेब त्याच्या उद्घाटनाला येणार होते आणि पडद्यावर ‘सुस्वागतम’ उमटवायचं काम कारकून मधुसूदनकडे होतं. ते जमलं की बाबनराव त्याच्या पर्मनंट ऑर्डरवर सही करणार होते. दोन वर्षं टेम्पररी राहून बिचारा विटला होता.

मशीनला थेट त्याच्याच भाषेत हुकूम सोडावे लागत. ते कागदावर छापून मधुसूदनने बाबनरावांपुढे धरले. त्यांची नजर पहिल्याच ओळीवर अडकली. दुसरी ओळ वाचायची त्यांना सवयच नव्हती.

“सुस्वागतमच्या शेपटीले हा डॉलर काहून लावला गा?”

“भाऊ, मशीनले ‘इथं थांब’ सांगाची खूण हाये ते. पडद्यावर दिसत नाई.”

“हातमागाची सोसायटी आपली, अन् तिच्या पोटात अमेरिकेचा पैसा? थांबवाचंच असन तं टिंब दे.”

“टिंबानं मशीन थांबत नाई, भाऊ.”

“ऑर्डर पाह्यजे ना तुले?”

स्वतःच्या भाषणात जन्मात टिंब न दिलेल्या माणसापुढे मधुसूदनने मुकाट्याने टिंब दिलं.

सोमवारी हार झाले, नारळ फुटला, बाबनराव पाऊण तास बोलले. मग साहेबांनी कळ दाबली. इंग्रजी अक्षरांत ‘सुस्वागतम.’ उमटलं, टाळ्या पडल्या आणि मशीन पुढे चालतच राहिलं. मागच्या महिन्यात वैतागून सरावासाठी टाइप केलेली ओळ मधुसूदन साफ विसरला होता. ती त्या हुकुमांत सुस्वागतमला खेटूनच बसली होती: ‘बाबनराव बोलते फार, डोक्यात अंधार’. तिच्या शेवटी मात्र डॉलर होता, म्हणून मशीन तिथे शहाण्यासारखं थांबलं.

साहेबांनी ओळ मोठ्याने वाचली आणि तोंडाला रुमाल लावला. मधुसूदनने मनाशी हिशेब केला. पर्मनंट राहू द्या, टेम्पररीही गेली म्हणायची.

साहेबांची गाडी निघाल्यावर बाबनरावांनी दार लावून घेतलं. “अजून काय काय भरून ठेवलं माह्याबद्दल या डब्यात?”

काहीच नाही, हे मधुसूदन सांगणारच होता. पण भाऊंच्या कपाळावर घाम दिसला आणि त्याची जीभ आपोआप वळली. “आठवा लागन, भाऊ. पुढच्या मयन्यात कलेक्टर साहेब येऊन राहिले ना? टेम्पररी मानसाले येवढं आठवत नाई.”

बाबनरावांनी ड्रॉवरमधून ऑर्डर काढली, सही केली. कागद देता देता थबकले आणि सहीपुढे स्वतःच्या हाताने एक ठसठशीत डॉलर काढला.

“घे. आता इथंच थांब गा.”