फॉर्म क्रमांक एक

"सोमवारी चाळीस फॉर्म वाटतो, गुरुवारी चाळीस गोळा करतो, महिनाअखेर प्रबंध टेबलावर!" एमिलबेकनं विद्यापीठातल्या आपल्या विभागाच्या खोलीत छाती ठोकून सांगितलं.

त्याच्या मार्गदर्शक वेनेरा तुर्दुकुलोव्ना चहा पीत होत्या. त्यांनी पेला खाली ठेवला. प्रबंधाचा विषय होता, सरकारी नियमांमुळे लहान धंद्यांचं काय होतं. एमिलबेकचं मत आधीच पक्कं होतं: कागदांपायी माणसं मेटाकुटीला आलीत, कागद कमी करा! मत झकास, पण पुराव्याच्या नावानं शंख. दोनदा मुदत वाढवून झाली होती. आता चुकला की संशोधकांच्या यादीतून नाव गेलं, अन् मागोमाग विभागातली शिकवायची नोकरीही.

"फॉर्म साधेच ने," वेनेरा तुर्दुकुलोव्ना म्हणाल्या. "शिक्काबिक्का मारू नकोस."

"अहो, शिक्क्याशिवाय आपल्याकडे कागदाला कुत्रं तरी विचारतं का?"

त्या तासाला गेल्या मात्र, यानं कपाटातून विभागाचा गोल निळा शिक्का काढला आणि धाडधाड चाळीस ठोकले! वर ठळक अक्षरांत 'फॉर्म क्रमांक एक' असं छापलेलं होतंच. का? तर जरा शिस्तीत दिसतं म्हणून. हुशार माणसाला कोण अडवणार!

काराकोल शहराच्या बाजारात आशलान-फूची एक आख्खी गल्ली आहे. थंडगार, आंबट-तिखट रश्शातल्या शेवयांचे चाळीस ठेले, अन् प्रत्येकावर एक खमकी बाई. सोमवारी एमिलबेकनं तिथं फॉर्म वाटले. "सावकाश भरा, गुरुवारी येतो," असं सांगून वर दोन वाडगे हादडून घरी गेला.

गुरुवारी आला आणि गल्लीच्या तोंडाशीच थिजला.

चाळीसच्या चाळीस फॉर्म भिंतीवर! लॅमिनेट केलेले! परवान्याच्या शेजारी, खिळा ठोकून! आणि एकावरही पेनाचा ठिपका नाही!

"हालिमा-एजे, हे काय?" तो ओरडलाच. एजे म्हणजे थोरली ताई; हालिमा-एजे गल्लीतली सगळ्यांत जुनी, तिचा शब्द शेवटचा. "उत्तरं कुठायत?"

"शिक्क्याच्या कागदावर खरडायचं? वेडा का काय तू, पोरा!" तिनं एप्रनला हात पुसले. "देवमाणूस आहेस बघ. काल तपासनीस आला. एरवी तासभर पातेल्यांत नाक खुपसतो. काल हा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मान डोलावली अन् चालता झाला!"

"अहो, पण ते नुसते प्रश्न आहेत! 'कागदपत्रांत तुमचे आठवड्याचे किती तास जातात?' एवढंच विचारलंय!"

"असेल. शिक्का मात्र सुरेख उठलाय."

एमिलबेकच्या पायांखालची जमीन सरकली. तेवढ्यात पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. बटाट्याचे पिरोश्की तळणाऱ्या बायका झारे घेऊन येत होत्या. पुढे ल्यूबा, तापलेल्या कढईसारखी.

"हाच का तो फॉर्मवाला? आमच्या रांगेला का नाही दिलास रे? तपासनीस म्हणतो, फॉर्म एक लावा, नाहीतर दुपारी ठेले बंद!"

"बंद?" एमिलबेक किंचाळला. "माझ्या फॉर्मसाठी?"

तपासनीस मागोमाग आलाच. पोटावर फाईल, कपाळावर आठ्या.

"साहेब, गैरसमज झालाय!" एमिलबेक काकुळतीला आला. "हे संशोधन आहे! हा फॉर्म सक्तीचा नाही!"

"सक्तीचा नाही, असं कुठल्या नियमात लिहिलंय?"

"कुठल्याच नाही!"

"मग?" तपासनीसानं बोटांवर मोजून दाखवलं. "क्रमांक आहे, शिक्का आहे. आणखी काय लागतं, गुरुजी? मी उद्या सोडून दिलं अन् वरून कोणी विचारलं, तर माझी नोकरी तुम्ही वाचवणार?"

ल्यूबाचा झारा एमिलबेकच्या नाकापासून वीतभर. त्याला वाटलं, आता ही आपल्यालाच तळणार!

"मी लिहून देतो," तो घाईघाईनं म्हणाला. "फॉर्म एकची गरज नाही, असं लिहून देतो!"

"द्या की. शिक्का मारून द्या."

आणि त्यानं दिलं! विभागात धावत गेला, ठेल्यागणिक एक कागद काढला, 'या ठेल्याला फॉर्म क्रमांक एक आवश्यक नाही', खाली सही, शिक्का, अन् तारखेशेजारी सवयीनं टाकलं: फॉर्म क्रमांक दोन. पिरोश्कीची रांग त्या दिवशी वाचली. ल्यूबानं त्याला गरम पिरोश्की खिलवले.

सोमवारी विभागाच्या दारात दीडशे माणसं उभी! चांभार, किल्ल्या करणारे, मधवाले, मोजेवाल्या! बाजारात नवीन दंडक निघाला होता: ज्याच्याकडे फॉर्म एक नाही, त्यानं फॉर्म दोन लावायचा.

"माझ्या तीस वर्षांत असं पाहिलं नाही," वेनेरा तुर्दुकुलोव्ना खुर्चीत कोसळल्या. "कागद कमी करायला गेलास, अन् अख्ख्या बाजारात नवे दोन वाढवून आलास!"

भरलेला फॉर्म एकही हाती नव्हता. करणार काय? एमिलबेकनं जे घडलं तेच जसंच्या तसं लिहून काढलं. लाज गुंडाळून ठेवली अन् प्रबंध सादर केला.

तोंडी परीक्षेला सभागृह गच्च भरलेलं. समितीचे अध्यक्ष कासिम असानोविच भयंकर कडक. त्यांना हसताना कोणी बघितलं नव्हतं. त्यांनी शेवटचं पान मिटलं, चष्मा पुसला. एमिलबेकला वाटलं, गेली आपली नोकरी!

"मला एकच विचारायचंय," अध्यक्ष म्हणाले.

"विचारा, कासिम असानोविच."

ते पुढे वाकले आणि आवाज एकदम खाली आणला.

"तो फॉर्म क्रमांक दोन... एखादा शिल्लक आहे का? मेहुणीचं बाजारात लोणच्यांचं दुकान आहे. तीन दिवस बंद ठेवलंय बिचारीनं."

एमिलबेकनं वेनेरा तुर्दुकुलोव्नांकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या. त्यानं घसा खाकरला, अन् त्याच्या तोंडून जे निघालं ते ऐकून त्याचा त्यालाच धक्का बसला.

"मिळेल, पण त्यांचे दोन फोटो लागतील."