न उडणाऱ्या पक्ष्यांचे प्रशिक्षण

त्या बेटावरच्या पक्ष्यांना उडता येत नव्हते आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नव्हते. मग पक्षी-संरक्षण कार्यालयात नवे साहेब रुजू झाले. ते होडीतून उतरले तेव्हा त्यांच्या कडेवर बोका होता.

लवकरच व्हरांड्यात पिसे दिसू लागली. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधक बाई मूठभर पिसे घेऊन साहेबांच्या खोलीत शिरल्या.

"साहेब, बोक्याला परत पाठवा. इथे हजारो वर्षं शिकारी जनावरच नव्हतं. उडण्यात ताकद न घालवणारे पक्षी जास्त जगले, त्यांचीच पिल्लं वाढली. पिढ्यान्‌पिढ्या पंख आखूड होत गेले. बिचाऱ्यांना पळायचंसुद्धा सुचत नाही."

"म्हणजे आळशीच की! पंख आहेत, पण वापरायचे नाहीत."

"आळस नाही साहेब, निवड. निसर्गाने केलेली."

"निवड समितीवर कोण होतं?"

बाईंनी पिसे टेबलावर ठेवली. साहेबांनी मांडीवरच्या बोक्याच्या गळ्याखाली खाजवले. "आणि आमचे चिरंजीव दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत. ते कुठे जाणार?"

पक्ष्यांसाठी उड्डाण-प्रशिक्षण मंजूर झाले. रोज सकाळी कर्मचारी एकेका पक्ष्याला गच्चीवरून ढकलत. चिरंजीव खाली वेळेवर हजर असत. त्यांची वणवण थांबली, हा प्रशिक्षणाचा पहिला लाभ.

बाई गच्चीच्या दारात आडव्या झोपल्या. कर्मचारी त्यांना ओलांडून गेले. शेवटी बाईंनी बोक्याला पोत्यात घातले आणि धक्क्यावरची होडी गाठली. पण पोते ओरडले. अधिकाऱ्याच्या कुटुंबीयाचे अपहरण केल्याचा ठपका ठेवून त्यांना त्याच होडीतून परत पाठवण्यात आले.

होडी सुटताना बाईंनी वळून पाहिले. गच्चीवर एक पक्षी उभा होता. ढकलणारी माणसे जवळ आली तरी तो हलला नाही. उलट मान वाकडी करून कौतुकाने त्यांच्याकडेच चालत गेला. बाईंनी तोंडावर पदर दाबला.

वर्षअखेरीस साहेबांनी वरिष्ठांना कळवले, "बेटावर न उडणारा एकही पक्षी आता उरलेला नाही." टाळ्या झाल्या. साहेबांना बढती मिळाली.

बाईंनी त्या पक्ष्यांवर कळवळून लिहिलेला लेख कुणीही वाचला नाही. पण बेटावर उन्हात लोळणाऱ्या गुबगुबीत बोक्याचा फोटो घरोघरी पोहोचला. तुमच्याकडेही आला होता. "अगं बाई, किती गोड!" म्हणत तुम्हीच तो पुढे पाठवलात.