फिनलंडला मदत

शोभनाच्या सासूबाई, इंदुमतीबाई, जगातल्या कुठल्याही पदार्थावर शेव घालत. पोह्यांवर घालत ते ठीकच, इंदूरमध्ये पोहे शेवेशिवाय वाढले तर पाहुणा परत येत नाही. पण त्या उपम्यावर घालत, वरणभातावर घालत, शोभनाने जीव ओतून केलेल्या पिठल्यावरही घालत. खिरीला तेवढं सोडत होत्या, हे उपकारच म्हणायचे. शोभना वाईची. लग्न होऊन इंदूरच्या स्नेहलतागंजमध्ये आल्यापासून तिच्या हातची एकही भाजी या घरात उघड्या अंगाने कुणाच्या पोटात गेली नव्हती. याचं तिला मनापासून वाईट वाटायचं.

अशात तिच्या मुलाच्या, ऋग्वेदच्या शाळेत ‘दुनियाभर का टिफिन’ ही स्पर्धा निघाली. पहिलीतल्या प्रत्येक मुलाने एकेका देशातल्या शाळकरी मुलांचा दुपारचा डबा न्यायचा. चिठ्ठ्या टाकल्या आणि ऋग्वेदला फिनलंड आलं.

शोभनाने मोबाईल पालथा घातला. वाटाण्याचं सूप, उकडलेले बटाटे, गाजराचा कीस, काळसर ब्रेड आणि पेलाभर दूध. सूप उकळत होतं तेव्हा इंदुमतीबाई डोकावल्या.

“फोडणी?”

“नसते, आई.”

“मिरची?”

“तीपण नसते.”

“अरे देवा! तिकडची पोरं बीमार असतात का गं? थोडी शेव भुरभुर ना वरून, बिचारं पोर खाईल तरी.”

शोभनाचा इतक्या वर्षांचा बांध फुटला. “आई, हे अस्सल आहे. याला बक्षीस मिळालं तर या घरात माझ्या जेवणावर शेव पडणार नाही. बोला, कबूल?”

“आणि नाही मिळालं तर?”

“तर रोज मी माझ्या हाताने वाढीन. खिरीवरसुद्धा!”

“चल, पक्कं,” इंदुमतीबाई म्हणाल्या. शोभनाचा नवरा जयेश वर्तमानपत्राआड लपला. या घरात तटस्थ राहायला तेवढीच जागा होती.

सासूवर विश्वास नव्हता असं नाही, पण शोभना डबा मांडीवर घेऊन स्वतः रिक्षाने शाळेत गेली. सभागृहात आयांची नावं केव्हाच गळून पडली होती. “इटलीची आई, जरा सरका,” “ब्राझीलची आई, चमचा है क्या?” असं चाललं होतं. परीक्षक होते बड्या गणपतीच्या देवळाजवळ राहणारे रघुवीरजी. ते सिंगापूरला जाऊन आले होते, त्यामुळे परदेशी जेवणातलं त्यांना सगळं कळतं असा शाळेचा समज होता. सिंगापूरलाही ते बॅग भरून शेव घेऊन गेले होते, हे शाळेला माहीत नव्हतं.

रघुवीरजींनी जपानचा भाताचा गोळा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. “वाह! असली जपान!”

गोळ्याला चहूबाजूंनी शेव चिकटली होती. “बच्ची खाती नहीं ना उसके बिना,” जपानची आई निधी लाजून म्हणाली. इटलीच्या पास्त्यावर पोह्यांवर घालतात तो जीरावन मसाला होता. ब्राझीलच्या राजम्यावर शेव आणि जीरावन दोन्ही होतं. रघुवीरजी प्रत्येक देशाला “हूबहू!” म्हणत पुढे सरकत होते. शोभनाला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, कारण अस्सल असा देश एकच उरला होता.

रघुवीरजींनी फिनलंडचं सूप चाखलं आणि चमचा निरखून पाहिला. त्यांनी पुन्हा चाखलं.

“बेटा, वहाँ बच्चे रोज़ यही खाते हैं?”

“हाँ सर,” ऋग्वेदने पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं, “फिनलंड में सब बच्चों को खाना मुफ़्त मिलता है।”

“इतनी ठंड,” रघुवीरजींनी चमचा खाली ठेवला, “और ऊपर से ये खाना!”

मग जपान उठलं. निधीची छोटी श्रेया पुढे आली आणि तिने आपल्या डब्यातली मूठभर शेव फिनलंडच्या सुपात टाकली. तिचं पाहून इटली आलं. ब्राझील आलं. कोरियाने तर जीरावनाची अख्खी पुडी रिकामी केली. मुख्याध्यापिकांनी माईक घेऊन “इसे कहते हैं विश्वबंधुत्व!” असं जाहीर केलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

“नको! थांबा! मत डालो!” शोभना किंचाळत मंचाकडे धावली. रघुवीरजींनी तिला मायेने अडवलं. “रोइए मत, बहनजी। मदद पहुँच रही है।”

मग त्यांनी शेवेच्या ढिगाखालून कसंबसं सूप उकरून चाखलं आणि पहिलं बक्षीस फिनलंडला देऊन टाकलं.

घरी आल्यावर ऋग्वेदने चषक नाचवत सगळी हकिगत सांगितली. शोभना मान खाली घालून उभी होती. “हे काही खरं जिंकणं नाही, आई.”

“बक्षीस मिळालं की नाही? बस,” इंदुमतीबाई म्हणाल्या. “मी शब्दाची पक्की आहे. जयेश, शेवेचा डबा माळ्यावर ठेव.” डबा वर जाताना त्यांनी तोंड फिरवून घेतलं.

संध्याकाळी शोभनाने पिठलं केलं. गरम, लसणाची फोडणी दिलेलं, वर काहीही नसलेलं. तिने सगळ्यांची पानं वाढली आणि इंदुमतीबाईंकडे बघत राहिली. त्यांनी घास घेतला. बराच वेळ चावला. खरं तर पिठल्यात चावायला काही नसतं.

“शोभना,” त्यांनी अगदी हळुवार विचारलं, “हेपण फिनलंडचंच का गं?”

शोभनाने घाईने स्वतः एक घास घेतला. पिठलं सपक होतं. शेवेचा खारटपणा धरून मीठ कमी घालायची तिच्या हाताला कधी सवय लागली, ते तिचं तिलाच कळलं नव्हतं. ती उठली, मिठाच्या बरणीपर्यंत गेली, तिथे क्षणभर थांबली आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढत माळ्याखाली आली.

“अगं, राहू दे. पैज म्हणजे पैज,” इंदुमतीबाई म्हणाल्या. पण त्या पानावरून उठल्याच होत्या.

“पैज गेली खड्ड्यात,” शोभना वर चढत म्हणाली. “आई, स्टूल धरा.”