गोरे मासे

काकांचा मेहुणा मत्स्यपालनाच्या शिबिराला जाऊन आला आणि त्यांच्या डोक्याला ताप झाला.

"दाजी, सगळं हौदाच्या रंगावर असतं. रंग मानवला की मासा खातो, वाढतो. नाही मानवला तर त्याला ताण येतो."

"मग मानवतो कुठला?"

"ते सांगतच होते, तेवढ्यात चहा आला."

घ्या! काकांनी मग एक हौद पांढरा रंगवला, एक काळा. रंग चांगला वाळल्यावर मागच्या तळ्यातले मासे निम्मे इकडे सोडले, निम्मे तिकडे. दुसऱ्या दिवशी व्यापारी येणार होता. वर्षभर पोसलेला सगळा माल त्या एकट्याच्या भरवशावर होता. रोगाची नुसती शंका आली असती तरी तो आल्या पावली परत गेला असता.

सकाळी काका किंचाळलेच. "अगं, पांढऱ्या हौदातले पांढरेफटक पडलेत!"

"तुम्ही असे डोळे वटारून बघितल्यावर कोण नाही पडणार?" काकू म्हणाल्या.

"यांना ताण आलाय. अदलाबदल करू," मेहुणा म्हणाला.

दोघं नखशिखांत भिजले, पण मासे बदलले. जेवून येऊन बघतात तर फिकट मासे काळ्या हौदात ठणठणीत काळे, आणि तिकडचे काळे पांढऱ्यात येऊन फिकट!

"रोग यांना लागला रे!"

"नाही दाजी, त्यांचा बरा झाला."

"अरे, पण हे कुठले आणि ते कुठले?"

काकूंनी मूठभर खाद्य टाकलं. दोन्हीकडचे मासे तुटून पडले. "ताण फक्त तुम्हाला आलाय," त्या म्हणाल्या. "जसा हौद, तसा मासा. एवढं साधं कळत नाही?"

तोवर व्यापारी दारात हजर. त्यानं थेट पांढऱ्या हौदात डोकावलं.

"ही कुठली जात?"

"जात तीच हो, फक्त हौद..."

"लपवू नका! मला हे गोरेच पाहिजेत. सगळेच्या सगळे गोरे. काळा एकही नको."

काका रडकुंडीला आले. निम्मा माल बोंबलला!

"सगळे गोरेच देतो," काकू म्हणाल्या. "आधी निवांत चहा घ्या."

चहा झाला, मग दुसरा झाला, मग व्यापाऱ्यानं आपल्या गुडघेदुखीची सगळी हकीकत सांगितली. तोवर मेहुण्यानं काळा हौद पांढऱ्यात रिकामा केला होता. मासे दाटीवाटीनं का होईना, गोरे झाले. व्यापारी खूश होऊन ते आपल्या काळ्या पिंपांत भरून घेऊन गेला.

अंधार पडता पडता फोन आला. "अहो, गोरे घेतले होते, पिंपांतून काळे निघाले!"

"उन्हानं... रापले असतील," काका चाचरत म्हणाले.

काकूंनी फोन हिसकावला. "पांढऱ्या टाकीत ओता आणि चहा घ्या."

थोड्या वेळानं पुन्हा फोन. व्यापाऱ्याचा आवाज पार खचलेला. "झाले गोरे. आता देवाशपथ खरं सांगा, हा मासा मुळात कुठल्या रंगाचा?"

काकांनी रिकाम्या हौदाकडे पाहिलं. मेहुणा आत उतरून भिंतीला निळा रंग फासत होता.

"उद्या सांगतो," काका म्हणाले. "रंग वाळायचाय."