एक जागा, दोन उंच माणसं आणि जायफळाचं श्रीखंड

"निवड मी करणार, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून करणार," असं गिरीश हर्डीकरनं शुक्रवारी जेवताना जाहीर केलं. "नातं नाही, गाव नाही, ओळख नाही. उंची, उडी आणि हात. संपला विषय."

विषय असे संपत नसतात. मराठी माणूस जगात कुठेही जाऊन राहो, तो सोबत लोणचं आणि निवड समिती घेऊन जातो. आणि ज्या समितीपुढे स्वतःचा मेहुणा उभा नाही, ती समितीच नव्हे.

गोष्ट शहाऐंशी सालची, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीची. गिरीशच्या ऑफिसात केव्हिन नावाचा ऑस्ट्रेलियन मॅनेजर आला. त्या काळी केबलवर अवेळी ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे पायानं मारून हातानं झेलायचा तो, लागायचा, आणि तो जागून बघणारा अख्ख्या ऑफिसात एकटा गिरीश. दोघांचं मेतकूट जमलं. सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीच्या पिकनिकला शेजारच्या कंपनीशी सामना ठरला. नऊ जणांचा संघ, घरचे-दारचे कुणीही चालतील. आठ पक्के झाले. त्यातला एक गिरीश स्वतः, उंची पाच फूट चार, निवड स्वतःच केलेली.

उरली फुलबॅकची जागा. म्हणजे आपल्या गोलाच्या खांबांपुढे उभं राहायचं आणि आभाळातून येणारा लांबट चेंडू समोरच्याला झेलू द्यायचा नाही. त्याला ताडमाड माणूस लागतो. गिरीशकडे दोन होते.

एक शैलेंद्र. पुण्याचा, सहा फूट दोन. आलेला चेंडू हवेतच झेलून छातीशी असा धरायचा, की जणू लॉकरची किल्ली. दुसरा गुरुदत्त, गिरीशच्या बायकोचा, वसुधाचा, धाकटा भाऊ. नागपूरचा, सहा फूट तीन. त्याला झेलता म्हणून यायचं नाही. पण कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेला. उडी मारून असा ठोसा हाणायचा, की चेंडू आल्या वाटेनं घरी जायचा.

गिरीशनं गॅरेजच्या भिंतीवर खडूनं दोघांच्या उड्या आखल्या. शिंप्याच्या टेपनं हात मोजले. आणि मनात त्याला लख्ख दिसलं, की शैलेंद्रच सरस आहे. किंचित, पण आहे.

हे वसुधाला सांगणार कोण?

कारण गुरुदत्त मार्चपासून बेसमेंटमध्ये होता. मेकॅनिकल इंजिनियर. तिकडची बरी नोकरी सोडून बहिणीच्या भरवशावर आलेला. इथे जावं तिथे एकच उत्तर: तुमची पात्रता आमच्या गरजेपेक्षा जास्त आहे. इथल्या कंपन्यांनी शोधून काढलेली ही सभ्य लाथ आहे. लागते, पण वळ उठत नाही. पोरगा बोलायचा थांबला. मग जेवायचा थांबला. अर्धी पोळी मोडायचा आणि 'झालं ताई' म्हणून जिना उतरायचा. केव्हिनची प्रॅक्टिस सुरू झाली तेव्हा कुठे तो बूट घालून, कुणी न बोलावता वर आला. जिन्यावर बूट वाजले, की वसुधाचा हात लाटण्यावर थबकायचा.

"अहो, शैलेंद्र भावजींना नोकरी आहे, बायको आहे, ब्यूक गाडी आहे," ती म्हणाली. "आता फुलबॅकसुद्धा त्यांनाच?"

"वसू, तो संघ आहे. अन्नछत्र नाही."

"बरं," वसुधा म्हणाली, आणि फोनकडे गेली. "शैलेंद्र भावजी, रविवारी जेवायला या ना. चाचणी तीनला आहे, इथूनच जा सगळे मिळून."

रविवारी गिरीश स्वयंपाकघरात डोकावला तर वसुधा जायफळ किसत होती. सावर क्रीम आणि क्रीम चीजचं श्रीखंड, आणि त्यात एवढं जायफळ, की घोडा उभ्या उभ्या झोपावा.

"वसू, हा दगा आहे."

"हे जेवण आहे. बाजूला व्हा, तेल तापलंय."

आग्रह ही काय चीज आहे ते ज्याच्या पानात पडलं त्यालाच कळतं. मुंगी न मारणारी आपली माणसं सगळा हिंसाचार पंगतीत उरकून घेतात.

"बस वहिनी, एकच पुरी," शैलेंद्र म्हणाला.

"एक वाढू नये." दोन पडल्या.

"आता शेवटची हं."

"तीन अशुभ. चार घ्या."

श्रीखंडाची वाटी रिकामी होण्याआधीच भरत होती. शैलेंद्र अखेर हात पानावर आडवा धरून म्हणाला, "गुरुदत्त घेत असेल तर मी घेतो. एकट्यानं किती खायचं यार?"

पाहुणा जेवत असताना घरच्यानं हात आखडायचा नसतो, ही शिकवण नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत एकच. गुरुदत्तनं वाटीकडे पाहिलं. मग वाटी पुढे केली.

"वाढ ताई."

वसुधाच्या हातातला डाव तसाच राहिला. मार्चपासून हे दोन शब्द तिनं ऐकले नव्हते. खरं तर इथेच तिनं थांबायचं. बेत शैलेंद्रला पाडायचा होता, भावाला नव्हे. पण भाऊ वाटी पुढे करतोय आणि बहीण हिशेबानं वाढतेय, असं कुठल्या घरात होतं? तिनं वाढलं. तो जेवला. तिनं पुन्हा वाढलं. त्यानं मठ्ठा मागितला, मसालेभात मागितला, पुन्हा श्रीखंडावर आला. शैलेंद्रला मागे हटणं शक्य नव्हतं; त्याच्या गावाची इज्जत पानात होती. वसुधा वाढत होती आणि मधेच पदरानं डोळे टिपत होती. कांदा केव्हाच चिरून झाला होता.

गिरीश घड्याळाकडे बघत कपाळ बडवून घेत होता.

मैदानावर दोघं गाडीतून उतरले ते फ्रिज उतरवतात तसे. जाऊन गोलासमोर शेजारी शेजारी उभे राहिले. केव्हिननं पहिला चेंडू उंच मारला. दोघांनी मान वर केली. उडी कुणीच मारली नाही. चेंडू दोघांच्या मधोमध पडला.

"घ्यायचा होतास ना तू," शैलेंद्र म्हणाला.

"छे, तुम्ही घ्या. तुम्ही पाहुणे."

दुसरा आला. "घे रे, लाजू नको." "नाही हो, आधी तुम्ही." तिसरा आला. "आता तुला माझी शपथ आहे." पंगत मैदानात सुरू झाली होती, फक्त पुरीच्या जागी चेंडू.

"ते सारखं काय बोलताहेत?" केव्हिननं इंग्रजीत विचारलं.

गिरीश चाचरला. "एकमेकांना... जागा सांगताहेत. डिफेन्सिव्ह कम्युनिकेशन."

केव्हिन गंभीर झाला. बोलणारे डिफेंडर शोधून मिळत नाहीत, म्हणाला.

मग चौथा आला, सरळ गुरुदत्तच्या डोक्यावर. त्याला उडी झेपणार नव्हती. त्यानं जागच्या जागी हात वर केला आणि ठोसा हाणला. चेंडू आडवा गेला तो शैलेंद्रच्या पोटावर. पोट तट्ट होतं, पण वरचं आवरण मऊ होतं. चेंडू तिथेच राहिला. शैलेंद्रनं वरून दोन्ही हात टाकले, झेल पक्का झाला आणि त्याला मोठा ढेकर आला.

गुरुदत्त हसला. आधी नाकातून, मग पोट धरून, मग गवतावर बसून. "ताई, जायफळ किती घातलंस गं!" म्हणून तो तिथूनच ओरडला, आणि कुंपणापाशी उभी असलेली वसुधा हसता हसता रडायला लागली.

गिरीशनं शिट्टी तोंडातून काढली. डोळ्यांवरची पट्टी कुठे सुटून पडली, ते त्यालाही कळलं नाही.

"एक ठोसा मारतो, दुसरा झेलतो," केव्हिन म्हणाला. "मला दोघंही हवेत. पण जागा नऊच. आठांतलं कुणीतरी कमी करावं लागेल. कोण, ते तू ठरव. तू निःपक्षपाती माणूस."

गिरीशनं संघाकडे पाहिलं. उंची पाहिली, उडी पाहिली, हात पाहिले. आणि अगदी निःपक्षपातीपणे त्याच्या लक्षात आलं की या संघात एक माणूस निव्वळ ओळखीनं घुसलेला आहे.

लेबर डेला मध्यंतरात गुरुदत्त धापा टाकत हद्दीपाशी आला. संघ मागे होता, त्याचा गुडघा फुटला होता, आणि चेहरा सणाच्या दिव्यासारखा उजळला होता. गिरीशनं पातेल्यातून संत्र्याची फोड पुढे केली.

"भाऊजी, एक देऊ नये."

गिरीशनं चार दिल्या. शर्टाच्या आत त्यानं संघाची जर्सी घातली होती. ऐन वेळी केव्हिननं बोलावलंच तर असावी म्हणून.

आणि केव्हिननं खरंच बोलावलं. पलीकडून हात हलवत मोठ्यांदा ओरडला, "गिरीश!"

गिरीशनं शर्टाची वरची तीन बटणं सोडली.

"संत्री इकडेही आण!"